‘कशावरून?’ : प्राथमिक शाळेतील मुले आणि विज्ञानाची चौकशी

‘चौकशी’ हा शब्द आमच्या वस्तीत चांगल्या अर्थाने कधी आलाच नाही. चौकशीला फौजदार यायचा, तलाठी यायचा, गावात काही चोरीला गेले की पाटलाचा माणूस यायचा. चौकशी आमची होत असे; आमच्यापैकी कुणी कशाची चौकशी केल्याचे मला आठवत नाही. म्हणूनच प्राथमिक शाळेतील मुलांना विज्ञानाची रीत कशी समजावून द्यावी, या विषयावर लिहायला बसलो तेव्हा ‘वैज्ञानिक पद्धती’, ‘संशोधन’ हे भारदस्त शब्द बाजूला ठेवून मी मुद्दाम हाच शब्द उचलला. विज्ञान ही चौकशी आहे. मात्र या चौकशीत माणसाला उभे करीत नाहीत, त्याच्या म्हणण्याला उभे करतात. कोणतेही म्हणणे पुढे आले की त्याला एकच प्रश्न विचारायचा : कशावरून?

हा प्रश्न मी पहिल्यांदा चौथीत असताना विचारला. गुरुजींनी फळ्यावर पृथ्वीचा गोल काढला होता. मी उभा राहून म्हणालो, ‘गुरुजी, पृथ्वी गोल आहे कशावरून?’ गुरुजी म्हणाले, ‘पुस्तकात लिहिलंय त्यावरून. बस खाली.’ वर्ग हसला. त्याच शाळेच्या व्हरांड्यात पाण्याचा माठ होता आणि आम्हा वस्तीवरच्या मुलांच्या ओंजळीत वरून पाणी ओतले जाई. ते का, हेही मी त्या वेळी विचारले नाही. एकदा ‘बस खाली’ ऐकले की दुसऱ्यांदा उठायला फार वर्षे लागतात. मी पुढे पदवीधर झालो, आमच्या घराण्यातला पहिला. महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवू लागलो. तिथे पाहतो तो काय, पदवीच्या वर्गातली मुलेही प्रयोगवहीत आधी निष्कर्ष लिहितात आणि मग त्याला जुळतील अशी निरीक्षणे भरतात. ‘निरीक्षण म्हणजे काय’ याची व्याख्या त्यांना तोंडपाठ असते, पण निरीक्षण केलेले नसते. हा दोष महाविद्यालयात निर्माण झालेला नाही. तो तिसरी-चौथीतच मुरलेला असतो. म्हणून गेल्या काही वर्षांपासून मी आमच्या वस्तीतील विहारात रविवारी सकाळी तिसरी-चौथीच्या वीस-बावीस मुलांना घेऊन बसतो. या लेखातील बरेचसे त्या मुलांनी मला शिकवलेले आहे.

१. माशीचा जन्म

मुलांना चौकशीची रीत सांगायची तर एक खरी घडलेली चौकशी सांगावी. मी रेदीची सांगतो.

कुजलेल्या मांसात अळ्या होतात, हे जगातल्या प्रत्येक माणसाने पाहिलेले आहे. त्या कोठून येतात? फार मोठमोठ्या लोकांनी याचे उत्तर देऊन ठेवले होते. ग्रीसच्या अरिस्टॉटलने सांगितले की काही कीटक कुजणाऱ्या पदार्थातून आपोआप जन्मतात. आपल्याकडे मनुस्मृतीच्या पहिल्याच अध्यायात डास, उवा, माश्या, ढेकूण यांना ‘स्वेदज’ म्हटले आहे. म्हणजे ते घामातून, दमट उष्णतेतून उपजतात. त्याच अध्यायात, थोडे आधी, ब्राह्मण मुखातून, क्षत्रिय बाहूतून, वैश्य मांड्यांतून आणि शूद्र पायांतून निर्माण झाला असेही सांगितलेले आहे. वाचकांनी हे लक्षात घ्यावे की ही दोन्ही विधाने जन्माविषयीची आहेत, एक माशीच्या आणि दुसरे माणसाच्या. एकाही विधानाला ‘कशावरून’ जोडलेले नाही.

१६६८ साली इटलीतील फ्लॉरेन्सच्या दरबारी असलेल्या फ्रान्चेस्को रेदी नावाच्या वैद्याने पहिल्या विधानाची चौकशी केली. त्याने आधी नुसते पाहिले : मांसात अळ्या होण्यापूर्वी त्यावर माश्या घोंगावतात आणि अळ्यांपासून पुढे माश्याच तयार होतात. त्यावरून त्याला शंका आली की अळ्या मांसातून होत नसून माश्यांपासून होत असाव्यात. एवढ्यावर न थांबता त्याने साप, मासे, ईल आणि वासराचे मांस असे चार जिन्नस रुंद तोंडाच्या चार भांड्यांत ठेवून भांडी बंद केली. आणि तेच चार जिन्नस तशाच दुसऱ्या चार भांड्यांत ठेवून ती उघडी ठेवली. उघड्या भांड्यांत अळ्या झाल्या, बंद भांड्यांत झाल्या नाहीत. यावर कोणी म्हणेल, बंद भांड्यात हवाच गेली नाही म्हणून अळ्या झाल्या नाहीत. रेदीने हा आक्षेप स्वतःच स्वतःवर घेतला आणि पुन्हा प्रयोग केला. या वेळी भांड्याच्या तोंडावर बारीक विणीचे पातळ कापड बांधले. हवा आत जाई, माशी जात नसे. तरीही मांसात अळ्या झाल्या नाहीत.

या गोष्टीत चौकशीचे सगळे अवयव आहेत. पाहणे, शंका घेणे, आपला अंदाज मांडणे, एकाच बाबतीत वेगळी असलेली दोन भांडी शेजारी ठेवणे, विरोधकाचा आक्षेप आपणच शोधून काढणे, पुन्हा करून पाहणे आणि केलेले लिहून ठेवणे. मुलांना हे शब्द पाठ करायला देऊ नयेत. त्यांना आठ भांड्यांचे चित्र काढायला सांगावे.

रेदीने आपल्या म्हणण्याला होमरच्या काव्याचाही हवाला दिला. मित्राच्या प्रेतावर माश्या बसून किडे पडतील, अशी भीती त्या काव्यातल्या अकिलीजला वाटते. ते वाचले तेव्हा मला माझी आजी आठवली. आजीने लहानपणी आपल्या बापाला गावची मेलेली जनावरे ओढताना आणि सोलताना पाहिले होते. पुढे बाबासाहेबांच्या शब्दाखातर आमच्या लोकांनी ते काम सोडले. मांसाच्या चान्या कापून, मीठ लावून दोरीवर वाळत घालीत, तेव्हा त्या ओल्या असेपर्यंत त्यांवर फडके टाकीत, असे आजी सांगे. मी विचारले, ‘फडकं कशाला?’ ती म्हणाली, ‘माशी बसली की किडा पडतो.’ ‘हे तुला कुणी सांगितलं?’ ‘सांगाया कशाला पायजे? दिसतंय की डोळ्यानं.’

आजीला सही येत नव्हती. तरी माशीच्या बाबतीत ती मनूच्या पुढे होती. ज्यांच्या हातांना विटाळाचे ठरवले, त्यांच्याच हातांना कुजणे, वाळणे, मुरणे, कमावणे याची जवळून ओळख होती. चामडे कमावणाऱ्याला बाभळीच्या सालीचा गुण ठाऊक होता, विहीर खणणाऱ्याला जमिनीचे थर ठाऊक होते. हे सगळे निरीक्षणच होते. होमरचा हवाला देता आला, कारण होमर लिहिला गेला. माझ्या आजीच्या बापाचा हवाला कोण आणि कुठून देणार?

परंतु एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आजीजवळ निरीक्षण होते, चौकशी नव्हती. फडके टाकलेल्या चान्या आणि न टाकलेल्या चान्या मुद्दाम शेजारी ठेवून तिच्या माणसांनी पाहिल्या नाहीत. पाहणार कसे? खायचे जिन्नस प्रयोगासाठी नासवण्याची चैन त्यांना परवडणारी नव्हती. चौकशीला फुरसत लागते, कागद लागतो आणि चुकण्याची मोकळीक लागते. आमच्या समाजात बुद्धीची वाण कधीच नव्हती. वाण होती ती या तीन गोष्टींची, आणि त्या तिन्ही शाळेने मुलांना दिल्या पाहिजेत.

२. विहारातल्या बरण्या

वर्गात मांस वापरणे योग्य नव्हे. घाण होते आणि आजाराची भीती असते. आम्ही केळे घेतले. पिकलेल्या केळ्यावर जी बारीक चिलटे बसतात, त्यांच्या अळ्या चार-पाच दिवसांत डोळ्यांनी दिसू लागतात आणि दहा-बारा दिवसांत नवी चिलटे तयार होतात. मुलांना वाट पाहायला एवढा काळ पुरे.

सुरुवातीला मी विचारले, ‘केळ्यात अळ्या कुठून येतात?’ उत्तरे आली : केळ्यातूनच होतात, घाणीतून होतात, चिलटं आणून टाकतात. मी कोणतेही उत्तर बरोबर वा चूक म्हटले नाही. तिन्ही फळ्यावर लिहिली. शिक्षकाला हे फार जड जाते, कारण बरोबर उत्तर सांगून टाकण्याची आपली जीभ सवयीची असते. पण आपण उत्तर सांगितले की चौकशी तिथेच संपते. मग मुलांना पृथ्वी गोल असते ‘गुरुजींनी सांगितले म्हणून’, आणि उद्या दुसरे कोणी काही सांगितले की तेही तसेच खरे होते.

मुलांचे पाच गट केले. प्रत्येक गटाला सारख्या दोन काचेच्या बरण्या आणि एकाच केळ्याचे दोन तुकडे दिले. एक बरणी उघडी, दुसरीच्या तोंडावर कापड. एक मुलगा म्हणाला, ‘सर, झाकलेली बरणी कपाटात ठेवू, उघडी खिडकीत ठेवू.’ मी इतरांना विचारले, ‘चालेल का?’ बराच वेळ कोणी बोलेना. मग तिसरीतला एक बारका पोरगा म्हणाला, ‘मग अंधारामुळं झालं का कापडामुळं झालं, कसं कळंल?’ एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मी शिकवलाच नाही. त्या पोराने तो शोधून काढला. आम्ही दोन्ही बरण्या एकाच खिडकीत ठेवल्या. कापड सोडायचे नाही, काचेतूनच पाहायचे आणि रोज संध्याकाळी जे दिसेल ते तारीख घालून वहीत लिहायचे, असे ठरले.

पुढच्या रविवारी पाचही उघड्या बरण्यांत अळ्या होत्या. कापड बांधलेल्या पाच बरण्यांपैकी चारांत काही नव्हते. पाचव्या बरणीत अळ्या वळवळत होत्या.

माझ्याबरोबर महाविद्यालयातला एक विद्यार्थी मदतीला येतो. तो हळूच म्हणाला, ‘सर, ती बरणी बाजूला काढू का? निकाल बिघडतोय.’ खरे सांगायचे तर माझ्याही मनात तेच आले होते. आम्ही दोघांनी पदव्या अशाच मिळवल्या होत्या. पण ज्या गटाची ती बरणी होती त्यातली चौथीतली एक मुलगी पुढे आली आणि बरणी छातीशी धरून म्हणाली, ‘माझी बरणी खोटी नाही. मी कापड सोडलं नव्हतं.’

मी खाली बसलो. त्या क्षणी मला समजले की माझा सगळा वर्ग याच बरणीवर उभा आहे. चार बरण्या आमच्या मनासारखे बोलत होत्या आणि एक बोलत नव्हती. मनासारखे न बोलणाऱ्याला वर्गाबाहेर काढायचे की त्याचे ऐकायचे? या देशात मनासारखे न बोलणाऱ्यांना वेशीबाहेर ठेवण्याची परंपरा मोठी आहे. तीच परंपरा मी विहारात, दोन हातांच्या अंतरावर बुद्धमूर्ती असताना, एका बरणीपुरती का होईना, चालवायला निघालो होतो.

आम्ही पाचव्या बरणीची चौकशी केली. मुलांनी तीन कारणे काढली. एक : या गटाने जुनी ओढणी बांधली होती, ती विरळ होती, इतरांनी धोतराचे घट्ट कापड बांधले होते. दोन : या गटाचे केळे गाडीवरच फुटलेले होते, त्यावर चिलटे आधीच बसून गेली असतील. तीन : काही केळ्यांत आपोआप होतातच. पुन्हा बरण्या मांडल्या. धड केळे आणि घट्ट कापड. धड केळे आणि तीच ओढणी. फुटके केळे आणि घट्ट कापड. प्रत्येक प्रकारच्या दोन-दोन बरण्या, कारण एकावर भरवसा ठेवायचा नाही हे आता मुलांनाच कळले होते. आठ दिवसांनी फुटक्या केळ्याच्या दोन्ही बरण्यांत अळ्या निघाल्या. बाकी चारही रिकाम्या राहिल्या. ओढणी निर्दोष सुटली.

मग आम्ही गाडीवरचे एक फुटके केळे आणून भिंगाखाली धरले. भेगेजवळ पांढरे बारीक कण दिसले. मुले ओरडली, ‘अंडी! अंडी!’ मी म्हटले, ‘कशावरून?’ थोडा वाद झाला. शेवटी वहीत लिहिले गेले : ‘पांढरे कण दिसले. अंडी असावीत.’ ‘आहेत’ आणि ‘असावीत’ यांतला फरक नऊ वर्षांच्या मुलांनी स्वतःच्या हाताने लिहिला. विज्ञानाच्या भाषेचे व्याकरण बरेचसे या फरकातच आहे.

रेदीही सगळीकडे बरोबर नव्हता, हे मी त्यांना शेवटी सांगतो. झाडांवरच्या गाठींत जे कीटक सापडतात, ते झाडापासूनच निर्माण होतात असे तो मानत राहिला. पुढे सूक्ष्मजीव सापडले तेव्हा ते तरी आपोआप होत असतील, असे लोक पुन्हा म्हणू लागले. त्या वादाचा निकाल १८६० च्या सुमारास लुई पाश्चरच्या वाकड्या मानेच्या चंबूंनी लावला. म्हणजे एका माशीच्या प्रश्नाला पुरते उत्तर मिळायला सुमारे दोनशे वर्षे लागली. ज्याने प्रश्न विचारला त्याचीही चूक पुढच्यांनी दाखवली, आणि त्यामुळे त्याचा अपमान झाला असे कोणाला वाटले नाही. अरिस्टॉटल चुकला, मनू चुकला, रेदीही चुकला. चुकण्यात लाज नाही. पण मनुस्मृती असेही सांगते की तर्कशास्त्राचा आधार घेऊन जो द्विज श्रुती-स्मृतींचा अवमान करील त्याला सज्जनांनी बहिष्कृत करावे. रेदीची चूक दुरुस्त करता आली, कारण ती दुरुस्त करणाऱ्यावर असा बहिष्कार नव्हता.

३. शिक्षकांसाठी थोडे

हे शाळेत होणार कसे, असे शिक्षक बंधुभगिनी विचारतील. अभ्यासक्रम संपवायचा असतो, प्रयोगशाळा नसते. पण हे आपल्याच देशात, सरकारी शाळांत झालेले आहे. मध्य प्रदेशातील तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सोळा शाळांत सहावी ते आठवीच्या मुलांसाठी असे विज्ञान सुरू केले. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात उत्तरे नव्हती. प्रश्न आणि करायच्या कृती होत्या. मुले गटाने प्रयोग करीत, परीक्षेत पुस्तक उघडून बसत. १९७८ मध्ये हा उपक्रम जिल्हाभर गेला. २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. तीस वर्षे खेड्यांतल्या मुलांनी हे केले, म्हणजे आपल्या मुलांनाही ते झेपते यासाठी वेगळा पुरावा नको.

दुसरी अडचण भाषेची. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने १९८० च्या दशकात महापालिका शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांबरोबर काम केले, तेव्हा पाठ्यपुस्तकांची भाषा हाच एक मोठा अडसर असल्याचे दिसून आले. आमची मुले ‘किडा पडला’ म्हणतात. त्यांना आधी ‘डिंभकाचा प्रादुर्भाव’ शिकवून नंतर अळी दाखवण्यात काय हशील? आधी अळी दाखवावी, मुलाच्या शब्दात लिहू द्यावी, पुस्तकी शब्द मागून येईल.

आणि हात. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीच्या शिक्षणाची मागणी केली. शिक्षक शेतकरी वर्गातून यावा, वेळ आली तर नांगर किंवा सुताराची वाकस हातात धरायला त्याला लाज वाटू नये, असेही त्यांनी सांगितले. विज्ञानाच्या शिक्षकाची याहून चांगली कसोटी मला ठाऊक नाही. जो हात घाण करून घेत नाही तो केळ्याची बरणी धुणार नाही आणि मुलांनाही धुवायला लावील तर फक्त आमच्याच मुलांना. आमच्या वर्गात प्रयोग संपला की बरण्यांत कढत पाणी ओतून सगळे खड्ड्यात पुरतो, बरण्या पाळीपाळीने सगळे धुतात, मीही धुतो, आणि शेवटी साबणाने हात.

४. पाण्याची गोष्ट

बरण्यांच्या प्रयोगानंतर एका रविवारी मी फळ्यावर लिहिले : ‘लोक म्हणतात की...’ आणि मुलांना वाक्ये पुरी करायला सांगितले. लोक म्हणतात की चिंचेखाली भूत असते. मांजर आडवी गेली की काम होत नाही. आवळा खाऊन पाणी प्यायले की गोड लागते. हे शेवटचे आम्ही लगेच करून पाहिले आणि खरे ठरले. लोक म्हणतात ते सगळेच खोटे नसते, हेही मुलांना कळले पाहिजे.

मग ती बरणीवाली मुलगी उठली. ‘लोक म्हणतात की आपण शिवलं की पाणी बाटतं.’

वर्ग गप्प झाला. तिच्या आजोळी तिला हे ऐकायला मिळाले होते. मी ते वाक्य इतर वाक्यांच्या खाली, त्याच अक्षरात लिहिले. दोन सारखे पेले आणले. एका मुलाला बाहेर पाठवले आणि तो नसताना एका पेल्यातल्या पाण्यात स्वच्छ धुतलेले बोट बुडवले. मुलगा आत आला. पाहिले, वास घेतला, भिंग लावले आणि एक पेला दाखवला. असे दहा वेळा केले. पाच उत्तरे बरोबर आली, पाच चुकली. एक-दोघे म्हणाले, ‘पाच तर आले की!’ तेव्हा नाणे दहादा उडवून दाखवले. दोनच पर्याय असले की नुसत्या अंदाजानेही निम्म्याच्या आसपास बरोबर येते. ओळखता येते असे म्हणायचे तर त्याहून बरेच जास्त यायला हवे.

मुलगी म्हणाली, ‘मग त्यांना कसं कळतं?’

मागून एक जण म्हणाला, ‘त्यांना आडनाव विचारावं लागतं.’

मी प्राणिशास्त्राचा अध्यापक आहे. अस्पृश्यतेचे याहून अचूक वर्णन मी कोणत्या ग्रंथात वाचलेले नाही. विटाळ पाण्यात नसतो. पाण्यात काही सापडले नाही तरी तो असतोच, असे मानणाऱ्याला कोणता प्रयोग दाखवणार? जे म्हणणे खोटे ठरण्याची एकही वाट मोकळी ठेवत नाही, त्याची चौकशी होऊ शकत नाही. आणि ज्याची चौकशी होऊ शकत नाही ते ज्ञान नव्हे, ती सत्ता आहे. घाणेरड्या हातांनी पाण्यात जंतू जातात हे खरे आहे, पण ते कोणत्याही जातीच्या हातांनी जातात आणि साबणाने निघतात. विटाळ साबणाने निघत नाही.

मग मी मुलांना महाड सांगितले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारोंसह चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले. त्या दिवशी परतणाऱ्या आपल्या लोकांना मारहाण झाली. नंतर सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी तळ्यात ओतून पाणी ‘शुद्ध’ केले. मुले हसली आणि मग एकाएकी हसायची थांबली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. पुढे दिवाणी दावा चालला. वादींचे म्हणणे असे की अस्पृश्यांनी या तळ्यावर न येण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे. न्यायालयाने विचारले, कशावरून? वादींना ते सिद्ध करता आले नाही. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. माझ्या मुलांनी बरणीला जो प्रश्न विचारला, तोच महाडच्या प्रकरणात विचारला गेला आणि त्याचे उत्तर मिळायला दहा वर्षे लागली.

५. चौकशी घरातली

येथे थांबलो तर लेख सोपा होईल, पण अपुरा राहील. ‘कशावरून?’ हा प्रश्न फक्त समोरच्याला विचारायचे हत्यार म्हणून आपण मुलांच्या हाती दिला, तर ते विज्ञान नव्हे. आमच्या वस्तीतही अंगात येते, गंडेदोरे बांधले जातात, ताप आलेल्या मुलाला आधी भगताकडे नेले जाते. मुले हे प्रश्न घरी विचारू लागली तेव्हा दोन घरांतून माझ्याकडे तक्रार आली. मी स्वतः व्यासपीठावर एखादे विधान केले की परवाच्या रविवारी ती पोरे मला अडवतात. अडवले पाहिजे. केसपुत्तच्या कालामांना बुद्धाने हेच सांगितले होते : परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा आपला गुरू आहे म्हणून स्वीकारू नका. स्वतःच्या शब्दालाही त्याने यातून सूट दिली नाही.

विज्ञानाने जात जाईल, असा माझा भाबडा समज नाही. सूक्ष्मदर्शकाखाली सर्वांचे रक्त सारखे पाहून घरी लग्नाच्या जाहिरातीत पोटजात छापणारे सहकारी मी रोज पाहतो. १९७६ साली संविधानात शोधक बुद्धी आणि विज्ञाननिष्ठा वाढवणे हे नागरिकांचे कर्तव्य म्हणून लिहिले गेले, तरी कर्तव्य लिहून पार पडत नाही. चौकशीने निकाल मिळतो, तो अमलात आणायला संघटना लागते. महाडला दोन्ही होती. पण ज्या मुलाला ‘बस खाली’ एवढेच शिकवले आहे, ते पुढे चळवळीतही बसूनच राहते, हे मी माझ्या अनुभवाने सांगतो.

कार्यकर्त्यांना, शिक्षकांना, शिकणाऱ्या तरुणांना माझी विनंती इतकीच आहे. आपल्या विहारात, समाजमंदिरात, शाळेच्या व्हरांड्यात रविवारचा एक तास आणि दोन रिकाम्या बरण्या मिळतील. तेवढ्यावर सुरुवात करावी.

त्या मुलीची वही माझ्यासमोर आहे. शेवटच्या पानावर तिने लिहिले आहे : ‘पांढरे कण दिसले. अंडी असावीत. कशावरून? अजून बघायचं आहे.’ येत्या रविवारी आम्ही ते कण केळ्यावरून अलगद उचलून वेगळ्या बरणीत ठेवणार आहोत.